सबवूफर वाजतो, सराउंड वाजतात, पण एकत्र वाजत नाहीत

बाराबायदहा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या फ्लॅटमधली लेकाची खोली, तो शिकायला बाहेर गेल्यापासून, मी सिनेमासाठी बळकावली आहे. १२ बाय १० फूट, छत साडेनऊ फुटांवर, एक दार, एक खिडकी, बाकी सगळी वीट आणि सिमेंट. संच ५.१ चा. पुढचे दोन बुकशेल्फ सव्वापाच इंची वूफरचे, सेंटर त्याच जातीचा. मागचे दोन सराउंड मात्र आधीच्या संचातले, तीन इंची, मुठीएवढे. सब (सबवूफर, खालचे म्हणजे खर्जाचे सूर वाजवणारा डबा) १० इंची, पोर्टेड म्हणजे हवेसाठी भोक असलेला, टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात. सोफा खोलीच्या बरोबर मधोमध, कारण मागे पुस्तकांचं कपाट आहे आणि त्याची दारं उघडायला जागा लागते.

आता दुखणं. स्फोट असो, ढोल असो की ट्रकचं इंजिन, सगळ्यांचा दणका एकाच 'भुंम्म'वर येऊन थांबतो. सोफ्यावर बसलं की खालचा भाग निम्मा गायब, दारात उभं राहिलं की छातीवर येतो. आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे पुढून मागे जाणारं विमान. पुढे असेपर्यंत भारदस्त, मागे पोचलं की पत्र्याचं. वजन सगळं पुढच्या कोपऱ्यातच राहतं.

दुकानदार म्हणतो १२ इंची सब घ्या, सगळं भरून निघेल. घ्यावा का?

तपकीरगल्ली

दुकानदार दुसरं काय म्हणणार!

मीटरमास्तर

१२ इंची घेऊ नका. आधी रिसिव्हरच्या (स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या डब्याच्या) मेनूत जाऊन स्पीकर साइझ, क्रॉसओव्हर (ज्या हर्ट्झखालचा आवाज सबकडे वळवायचा तो बिंदू) आणि सबवूफर मोड यांपुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. सबच्या पाठीवरची बटणं कुठे आहेत तेही.

बाराबायदहा

फ्रंट लार्ज, सेंटर लार्ज, सराउंड लार्ज. सब मोड 'एलएफई'. क्रॉसओव्हरची ओळ राखाडी आहे, निवडताच येत नाही. सबच्या मागे क्रॉसओव्हरचं बटण ८० वर, फेजचा (लाट उलटी करणारा) खटका शून्यावर, आवाज निम्म्याच्या थोडा वर. बसवून देणाऱ्याने ऑटो कॅलिब्रेशनचा (खोलीतला आवाज मोजून सेटिंग आपोआप लावण्याचा) माइक पिशवीतून काढलासुद्धा नव्हता, चिकटपट्टी तशीच आहे.

मीटरमास्तर

मेख सापडली. जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ निम्म्या घरांत असतो.

५.१ मधला '.१' म्हणजे सब नव्हे. तो एलएफई नावाचा स्वतंत्र ट्रॅक आहे, १२० हर्ट्झपर्यंतचा, स्फोट आणि भूकंपांसाठी राखून ठेवलेला. बाकीच्या पाचही चॅनेलमध्ये पूर्ण पट्टा भरलेला असतो, अगदी २० हर्ट्झपासून. ध्वनिमिश्रण करणाऱ्याने विमान मागे नेलं की विमानाचा खर्जही सराउंडच्याच ट्रॅकमधून मागे जातो. तुमच्या रिसिव्हरला सांगून ठेवलंय की मागचे स्पीकर लार्ज आहेत. मग तो बिचारा सगळा खर्ज त्या तीन इंची शंकूंकडे धाडतो. त्यांना १५० च्या खालचं झेपत नाही. सबकडे तो खर्ज वळवायची सोयच बंद करून ठेवलीय, म्हणून तर क्रॉसओव्हरची ओळ राखाडी. म्हणजे मागच्या विमानाचं पोट कुठेच वाजत नाही. १२ इंची आणा नाहीतर १८ इंची आणा, जे सबपर्यंत पोचतच नाही ते तो कसं वाजवणार?

लार्ज-स्मॉलचा स्पीकरच्या आकाराशी किंवा इभ्रतीशी काही संबंध नाही. 'याचा खर्ज सबकडे वळवायचा का' एवढाच तो प्रश्न आहे. सब घरात असेल तर उत्तर जवळजवळ नेहमी 'हो', म्हणजे सगळे स्मॉल. काही रिसिव्हरमध्ये 'एलएफई + मेन' असाही पर्याय असतो. तो निवडला की तोच खर्ज पुढच्या स्पीकरमधूनही आणि सबमधूनही येतो, कुठे बेरीज कुठे वजाबाकी. त्याच्या नादी लागू नका.

फ्रंट आणि सेंटर ८० हर्ट्झवर कापा. हा आकडा टीएचएक्सवाल्यांनी (सिनेमाच्या आवाजाचे दर्जे ठरवणारी कंपनी) घरगुती संचांसाठी ठरवला, आणि त्यामागे कारण आहे. ८० हर्ट्झची एक लाट सुमारे ४.३ मीटर लांब असते, तुमच्या आख्ख्या खोलीपेक्षा लांब. एवढ्या लाटेची दिशा कानाला धड कळत नाही, त्यामुळे सब कोपऱ्यात असला तरी खर्ज स्पीकरमधूनच आल्यासारखा वाटतो.

सराउंडचं मात्र धर्मसंकट आहे. त्यांनाही ८० लावलंत तर ८० ते १५० च्या मधे खड्डा पडेल, कारण सब ८० ला थांबेल आणि ते १५० ला सुरू होतील. १५० लावलंत तर खड्डा बुजेल, पण कापणी काही सुरीने कापल्यासारखी नसते. सबकडे जाणारा आवाज क्रॉसओव्हरच्या वर सप्तकाला साधारण २४ डेसिबलने उतरत जातो. १५० वर कापलं तर मागच्या माणसाच्या बोलण्याचा खालचा भाग पुढच्या डाव्या कोपऱ्यातून ऐकू येईल. १२० वर ठेवून ऐका. थोडा खड्डा राहील, थोडी दिशा कळेल, पण दोन्ही सोसण्यासारखं. खरा उपाय म्हणजे मागे निदान चार इंची वूफरचे बुकशेल्फ. १२ इंची सबचे पैसे तिकडे वळवा.

आणि सबच्या पाठीवरचं ते ८० चं बटण आधी पूर्ण उजवीकडे फिरवा, किंवा एलएफई असं लिहिलेलं इनपुट असेल तर केबल त्यात लावा. नाहीतर रिसिव्हर १२० पर्यंतचं पाठवणार आणि सब ८० लाच दार लावून घेणार.

दोनचॅनेलवाला

हे सगळं वाचून मला माझ्या दोन स्पीकरांविषयी नव्याने प्रेम दाटून आलं. चालू द्या.

गवंडीकाम

पेशाने सिव्हिल इंजिनिअर, छंद हाच. मास्तरांनी सेटिंगचं सांगितलं, मी खोलीचं सांगतो.

बंद आयताकृती खोलीत प्रत्येक लांबीचा एक ठरलेला सूर असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा आणि लांबीच्या दुपटीने भागा. तुमचे १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्याचे ४७ हर्ट्झ. १० फुटांचे ५६. साडेनऊ फूट छताचे ५९. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे ५६ आणि ५९ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेत. तुमचा 'भुंम्म' तोच. ढोल आणि ट्रक वेगळे असतील, खोली एकच आहे.

लांबीचा जो पहिला सूर, म्हणजे ४७, त्याचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर शून्याजवळ. सोफा कुठे आहे? बरोबर मध्यावर. ४७ तुम्हाला मिळतच नाही. दारात उभं राहिल्यावर मिळतो. रुंदीच्या मध्यावर ५६ ही असाच पडतो, म्हणजे तुम्ही सोफ्याच्या मधल्या जागेवर बसत नसणार, एका टोकाला बसत असणार.

बाराबायदहा

उजव्या टोकाला. चार्जर तिथेच आहे. तुम्हाला कसं कळलं!

गवंडीकाम

चार्जरचं नव्हतं कळलं. :)

जालावर वाचताना एक भान ठेवा. इंग्रजीतला बराचसा सल्ला अमेरिकेतल्या घरांत बसून लिहिलेला असतो. तिथे लाकडी चौकट आणि तिच्यावर जिप्सम बोर्ड. असली भिंत खर्जाबरोबर स्वतः हलते, थोडा खर्ज पिऊन टाकते, थोडा बाहेर सोडते. आपल्याकडे विटेची किंवा ब्लॉकची भिंत, वर-खाली पाच-सहा इंची स्लॅब. त्या भिंती सहज हलत नाहीत, लाट जवळजवळ तशीच परत फेकतात. म्हणून खर्ज आपल्याकडे जोरदार मिळतो, पण त्यात डोंगर आणि दऱ्याही मोठ्या. तिकडचा माणूस 'अमुक खोलीला दोन मोठे सब हवेतच' म्हणतो तेव्हा त्याच्या भिंतीतून निसटणारा खर्ज त्याने हिशेबात धरलेला असतो. तुमच्याकडे तो निसटत नाही.

भिंतीला अंड्याच्या ट्रेसारखा फोम लावायला कुणी सांगेल. खर्जाला त्याने शष्प फरक पडत नाही. ५० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सासुद्धा १.७ मीटर होतो, दोन इंची फोम तिला काय अडवणार.

एडिसनकर

न्यू जर्सीतून +१. माझं बेसमेंट अर्धं काँक्रीट, अर्धं ड्रायवॉल (तीच जिप्सम बोर्डाची भिंत). ड्रायवॉलच्या बाजूला खर्ज मवाळ येतो, पण वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरातल्या बश्या किणकिणतात. बायकोला सिनेमातले सगळे स्फोट बश्यांवरून कळतात.

खालच्यामजल्यावरची

मला यातलं काही कळत नाही, शोधता शोधता इथे आले. आमच्या वरच्या घरी असाच एक डबा आहे. संवाद ऐकू येत नाहीत, गाणी येत नाहीत, फक्त धप्प धप्प. सेक्रेटरींनी फोनवरच्या ॲपने मोजलं आणि म्हणाले, नियमात बसतंय ताई. मग मला डोकेदुखी कशाने होते?

मीटरमास्तर

ताई, तुम्हाला होतं ते खरं आहे आणि मीटरही खोटं बोलत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ अशी मर्यादा आहे, पण ती 'डेसिबल ए'मध्ये. या 'ए' मोजपट्टीत खर्जाला सवलत मिळते. ६३ हर्ट्झला २६ डेसिबल वजा होतात, ३१.५ हर्ट्झला ३९. म्हणजे तुमच्या खोलीत ६३ हर्ट्झचा ६५ डेसिबलचा धपका आला तरी मीटर ३९ दाखवणार.

वरच्या बिऱ्हाडाला हे सांगा: रात्री रिसिव्हरमधला नाईट मोड किंवा डायनॅमिक रेंज (मोठ्या आणि लहान आवाजांतलं अंतर) कमी करणारा पर्याय चालू करा, आणि सबची पातळी चार-पाच डेसिबल उतरवा. ऑडिसी हे कॅलिब्रेशनचं तंत्र असलेल्या रिसिव्हरमध्ये डायनॅमिक ईक्यू नावाची सोय असते, ती आवाज कमी केला की खर्ज आणि सराउंड वर उचलते. कमी आवाजात ऐकताना छान वाटतं, पण खालच्या मजल्यासाठी तीच वैरीण. रात्री बंद ठेवायला सांगा. सबखाली रबराचे पाय लावून काँक्रीटच्या स्लॅबवर फारसं काही साधत नाही, मुख्य त्रास हवेतल्या दाबाने हलणाऱ्या स्लॅबचा असतो.

खालच्यामजल्यावरची

नाईट मोड. बरं. आज जिन्यात भेटले तर सांगते.

तपकीरगल्ली

धागाकर्ते, एक उपाय दोघांच्याही कामाचा. सब सोफ्याच्या शेजारी, हाताला लागेल इतका जवळ ठेवून बघा. कानाशी तेवढाच आवाज येण्यासाठी त्याला कमी मेहनत पडते, म्हणजे बाकीच्या खोलीत आणि खालच्या घरात कमी जातो. पोर्टची फुसफुस ऐकू येईल एवढंच. जागा शोधायची जुनी युक्ती माहीत असेलच: सब सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं काहीतरी लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा. जिथे खर्ज सपाट आणि स्वच्छ वाटेल तिथे सब. घरचे हसतील.

बाराबायदहा

हसले. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलाय.

रांगण्याचा निकाल: डाव्या कोपऱ्यात सगळ्यात वाईट. टीव्हीखाली, मधल्या रेषेपासून फूटभर डावीकडे बरंच सपाट. सोफ्याशेजारीही बरं, पण तिथे येण्या-जाण्याची वाट आहे. टीव्हीखाली ठेवला. सोफा दोन फूट मागे सरकवला, त्यासाठी कपाटाची दारं काढून पडदा लावला. (यावर वेगळा धागा निघेल, वेगळ्या संकेतस्थळावर.) सगळे स्मॉल केले, फ्रंट-सेंटर ८०, सराउंड १२०, सबचं बटण पूर्ण उजवीकडे. मग माइक पिशवीतून काढला आणि ऑटो कॅलिब्रेशन चालवलं.

विमान आता मागे गेलं तरी विमानच राहतं! पण दोन शंका. रिसिव्हरने सबचं अंतर १३ फूट दाखवलंय, टेपने मोजलं तर साडेसात भरतं. दुरुस्त करू का? आणि त्याने फ्रंट परत लार्ज करून टाकले.

मीटरमास्तर

फ्रंट हाताने पुन्हा स्मॉल, ८० करा. कॅलिब्रेशन फक्त स्पीकर कुठवर खाली जातो ते मोजतं, तुमच्या घरात सब आहे याची कदर त्याला नसते.

अंतराला हात लावू नका! तो आकडा फुटांत दिसत असला तरी तो वेळ आहे. सबच्या आतल्या फिल्टरला आणि ॲम्पच्या प्रक्रियेला काही मिलिसेकंद लागतात, आणि १ मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर. तुमचा सब १३ फुटांवर असल्याइतका उशिरा पोचतो, म्हणून रिसिव्हर बाकीच्यांना थोडं थांबवून ठेवतो. टेप घेऊन साडेसात केलंत तर ५ मिलिसेकंदांची गडबड होईल. ८० हर्ट्झचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, त्याचा अर्धा भाग सव्वासहा. म्हणजे तुम्ही सब आणि स्पीकर जवळजवळ उलट्या फेजमध्ये नेऊन ठेवाल, आणि नेमका जोडावरच खड्डा पडेल. बिनतारी जोडणीवरच्या सबमध्ये हा उशीर आणखी वाढतो.

खात्री करायची असेल तर सोपी परीक्षा आहे. बाकी स्पीकर बंद, फक्त सेंटर आणि सब चालू. ८० हर्ट्झचा सूर लावा, नेहमीच्या जागी बसा, आणि दुसऱ्या कुणालातरी सबच्या मागचा फेजचा खटका ० आणि १८० करायला लावा. जिथे आवाज जास्त भरेल ते बरोबर. मग सबचं अंतर फूट-अर्धा फूट मागेपुढे करून आणखी भरतो का पहा. ही जुळणी आधी सेंटरशी करा, सिनेमातलं बोलणं तिथेच असतं. मग सराउंडशी १२० वर एकदा तपासा. सगळ्यांशी एकदम शंभर टक्के जुळणार नाही. सब एक, स्पीकर पाच, आणि प्रत्येकाचा कापायचा बिंदू सारखा नाही. मागच्यांचं थोडं इकडेतिकडे राहिलं तर सोडून द्या.

हौस वाढली तर यूमिक-१ हा मोजणीचा माइक आणि लॅपटॉपवर आरईडब्ल्यू, म्हणजे खोलीतल्या आवाजाचा आलेख काढणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे. आलेख पाहिल्यावर मात्र एक पथ्य पाळा. डोंगर दिसला तर ईक्यूने (ठरावीक सुरांचा आवाज कमी-जास्त करायच्या सोयीने) कापा, दरी दिसली तर भरायला जाऊ नका. दरी म्हणजे लाटांची आपापसात झालेली वजाबाकी, तिथे कितीही ओता, ॲम्प तापेल आणि दरी तशीच राहील. दरीचा उपाय सब किंवा सोफा हलवणं.

लग्गीवाला

मी तबलजी, माइक-बिइकच्या वाट्याला जात नाही. माझी परीक्षा अशी: चांगलं ध्वनिमुद्रण केलेला एकल तबला लावा. डग्ग्यावर मनगट दाबत मींड काढतात ती ऐका. तो सूर नेमका सब आणि स्पीकरच्या सांध्याच्या आसपास खालीवर सरकतो. सांधा जुळला असेल तर मींड अखंड सरकते. नसेल तर मधेच एक पायरी लागते, किंवा सूर चढताना डग्गा जमिनीवरून उठून टीव्हीच्या बाजूच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. ढोल-ताशा लावून ही परीक्षा होत नाही, त्यात सगळंच दणदणतं.

दोनचॅनेलवाला

हा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम. आणि यासाठी सब लागत नाही हे नम्रपणे नमूद करतो.

लग्गीवाला

लागतो हो. सव्वापाच इंची स्पीकरमधून डग्गा डबी वाटतो.

बाराबायदहा

खटका १८० वर गेला. जेमतेम नाही, चांगलाच फरक आहे, सेंटरमधल्या पुरुषी आवाजाला छाती आली. लग्गीवाले, तुमची मींड लावली. फ्रंटमध्ये अखंड. तोच तबला रिसिव्हरमधून सगळ्या स्पीकरांवर पसरवून मागचे ऐकले तर १२० च्या वर किंचित पायरी लागते. मागचे बदलणार हे नक्की झालं.

नवीन भानगड: सिनेमा थांबवला की सबमधून बारीक 'घूंऽऽ' येते. आधीही असेल, आता आवाज नीट झाल्यावर लक्षात आली.

तपकीरगल्ली

केबल टीव्हीची किंवा डिशची तार सेट टॉप बॉक्समधून काढून बघा. घूं गेली तर ग्राउंड लूप. बॉक्सचं अर्थिंग बाहेरच्या तारेतून येतं, सबचं भिंतीतल्या प्लगमधून, आणि दोघांच्या मधून ५० हर्ट्झ फिरत राहतो. तारेवर आयसोलेटर बसवा, आणि सब-रिसिव्हर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. कुणी सबच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाका म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. त्या पिनेवर जीव असतो.

बाराबायदहा

डिशचीच तार होती. गेली घूं.

आता शेवटचं विचारतो. मागचे स्पीकर घेतल्यावर जे उरतील त्यात पुढच्या वर्षी दुसरा १० इंची घेतला तर? मोठा एक की लहान दोन?

गवंडीकाम

लहान दोन, आणि शक्यतो आहे तोच मॉडेल. हरमन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ च्या सुमारास आयताकृती खोल्यांत सब किती आणि कुठे यावर काम केलं. चार भिंतींच्या मध्यांवर चार सब हे उत्तम निघालं, पण समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर दोन ठेवले तरी बराचसा फायदा हाती लागतो. तुमच्या खोलीत एक टीव्हीखाली अगदी मध्यावर, दुसरा कपाटापुढे मध्यावर. दोघे मिळून ४७ ला उठू देत नाहीत, कारण एक त्याला पुढून ढकलतो आणि दुसरा उलट बाजूने. रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ५६ ला दोघेही छेडत नाहीत. उरतो छताचा ५९, तो एकटा असला की ईक्यूने कापता येतो. दोन्ही सब जमिनीवर आहेत तोवर त्याच्याशी एवढंच.

रिसिव्हरला सबचं एकच आउटपुट असेल तर वाय केबल (एकाची दोन टोकं करणारी) लावा. आधी दोन्ही सबची पातळी आणि फेज एकमेकांशी जुळवा, मग कॅलिब्रेशन परत चालवा.

एडिसनकर

पण कपाटाचा पडदा आधी काढू नका. दुसरा सब त्याच्यामागे लपेल, आणि बिल यायच्या आत कुणाच्या नजरेला पडणार नाही.